मांडीवर न बसणारी मांजर

आज दुपारी आत्या आली होती. चहा झाला, पाणी किती वाजता येतं, लिफ्ट का बंद आहे वगैरे झालं आणि मग नेहमीचा विषय. कपाटावरून दोन डोळे बघत होते, त्यांच्याकडे मान वर करून म्हणते कशी, "अगं एवढं करतेस तिचं आणि साधी मांडीवर येऊन बसत नाही, काय उपयोग? मासळी बाजारात सोडून ये. मस्त खाऊन पिऊन राहील." आणि बिस्कीट चहात बुडवलं. अगदी शांतपणे.

मी काही बोलले नाही, वयाचा मान वगैरे. म्हणून इथे लिहितेय. आत्या फेसबुकवर आहे, वाचेल. वाचू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोधडी ही आमची मांजर. पांढरे, काळे, भगवे तुकडे जोडल्यासारखी दिसते म्हणून गोधडी. भर पावसात खाली पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटमध्ये सापडली, पिल्लू नव्हती, चांगली मोठी होती, आणि शेपूट अर्धीच. उरलेल्या शेपटीचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही आणि खरं सांगू, मला ऐकायचंही नाही. केरसुणी उचलली की ती आजही जमिनीला चिकटते. हेल्मेट घातलेला माणूस दारात आला की कपाटावर. डोक्यावरून हात फिरवायला गेलात तर दोनदा फिरवू देईल, तिसऱ्यांदा दात. खाताना गुरगुरते, एकटी असली तरी, बशीत तोंड घालून स्वतःशीच गुरगुरते. आणि मधूनमधून गादीवर मुततेसुद्धा, हो, लिहितेय इथे, लाज कसली.

आता त्या गादीबद्दल. प्रत्येक जण मला सांगतो की मुद्दाम करते, डूख धरते. अहो कसला डूख! गादीवर मुतणारी मांजर आधी डॉक्टरकडे न्यायची असते, मूत्राशयाला सूज असू शकते, टेन्शननेही येते ती, आणि बोका जर कुंथतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न बघता तसंच पळायचं, मार्ग तुंबला तर एकदोन दिवसात जीव जातो. गोधडीची तपासणी झाली, सूज निघाली, औषध झालं, तरी चालूच. मग लक्षात आलं की तिचा लिटरचा ट्रे (शी-शू करायच्या वाळूचा) वॉशिंग मशीनच्या शेजारी होता आणि मशीन स्पिनवर गेलं की ती जी उडायची ती परत तिकडे जायचीच नाही. ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात आणला, दुसरा एक बाल्कनीत ठेवला (मांजरी जितक्या त्यापेक्षा ट्रे एक जास्त, हा साधा नियम आहे), सुवासिक लिटर बंद करून साधं बारीक आणलं. नव्वद टक्के फरक. उरलेलं दहा टक्के मी धुते. आणि कृपा करून ते फिनाईलने पुसू नका, डेटॉलने पण नको, मांजराला दोन्ही विषारी, पंजे चाटताना पोटात जातं. पॅरासिटामॉल तर एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, ताप आलाय म्हणून घरचं औषध देणारे महाभाग मी बघितलेत.

असो. भरकटले. दिवाळीचं सांगायचं होतं.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. सासूबाई पैठणी नेसून खिडकीत पणत्या लावत होत्या. खाली कोणीतरी माळ लावली, ताडताड ताडताड, आणि नेमका त्याच वेळी समोरच्या छज्ज्यावर पार्किंगमधला पांढरा बोका येऊन बसला. गोधडीने त्याला बघितलं. शेपूट, म्हणजे जी काय आहे ती, बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलली, घशातून तो खालचा आवाज, आणि काचेपलीकडच्या बोक्यापर्यंत पोचता येईना म्हणून जे सगळ्यात जवळ होतं त्याला धरलं. सासूबाईंचं मनगट. बांगड्यांच्या जरा वर, चार दात, आरपार.

मांजरांमध्ये हे होतं, राग एकावर आणि निघतो दुसऱ्यावर, आपल्या ऑफिसात होतं तसंच, फक्त आपण चावत नाही. तेव्हा तिला उचलायचं नाही, ओरडायचं नाही, मारायचं तर अजिबात नाही, जाड टॉवेल किंवा उशी मध्ये धरून अंधाऱ्या खोलीत जाऊ द्यायचं आणि दार लावायचं. शांत व्हायला कधी कधी तासन्‌तास लागतात.

नवऱ्याने सासूबाईंचा हात नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून, ब्लाउजची बाही कोपरापर्यंत ओली. मग रिक्षा. सरकारी दवाखान्यात त्या दिवशी सगळे भाजलेले, फुलबाजीवाले, भुईनळेवाले, त्यात आम्ही. डॉक्टर म्हणाले काय चावलं? मांजर. कुठली? घरची. लस झालीय? झालीय. तरी म्हणाले घ्या, रेबीजमध्ये रिस्क नाही घ्यायची, आणि बरोबर आहे, लक्षणं दिसल्यावर हातात काही उरत नाही. आज एक, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटातली ती चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, दंडात घेतात, फुकट मिळतात, तरी लोक अजून त्या चौदाच्या भीतीने हळद लावून घरी बसतात.

आता ऐका. आत्या त्या रात्री फोनवर काय म्हणाली असेल? हेच. सोडून या.

सोडून या म्हणजे काय असतं? तुम्ही केलंय कोणी? पोत्यात घालायचं, स्कूटरवर पुढे ठेवायचं, तिला रस्ता दिसू नये म्हणून पोत्याचं तोंड बांधायचं आणि बाजारात सोडायचं जिथे आधीच पंचवीस मांजरी आहेत, प्रत्येकीचा कोपरा ठरलेला, आणि कुत्री वेगळी. जी मांजर बशीवर एकटी असताना गुरगुरते ती तिथे मासे खाणारे? ती पहिला आठवडाभर एखाद्या गटाराखाली बसेल आणि मग संपेल. "मस्त राहील" हे आपल्या झोपेसाठी असतं, मांजरासाठी नसतं. पाळलेलं जनावर असं उपासमारीत टाकणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, माहितीये? आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! बाजारापर्यंतच्या रिक्षाला जास्त लागतात. हसू का रडू?

पण माझा खरा राग त्या मांडीवर आहे. "एवढं करतेस आणि मांडीवर बसत नाही." म्हणजे हिशोब. दोन वेळचं घातलं, आता लाड करून घे, गुरगुर नको, घुरघुर दे. आत्या, तुझे वडील म्हणजे माझे आजोबा सांगलीला वार लावून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. ते सांगायचे ना की मंगळवारच्या काकू वाढताना ताटाकडे नाही, तोंडाकडे बघायच्या, पोराला उपकाराची जाणीव आहे का ते. म्हातारपणीसुद्धा त्यांना कोणी जेवताना बघितलेलं चालायचं नाही, पाठ करून बसायचे. तूच सांगितलंयस मला हे. आणि तूच तिच्या तोंडाकडे बघतेस?

जरा जास्त झालं बहुतेक. पण खोडत नाही.

मान्य, घरात रांगतं बाळ असेल, कुणाला दमा असेल, तर अशी मांजर सगळ्यांना झेपणार नाही. त्यांनी दुसरं चांगलं घर शोधावं, वेळ घेऊन, आणि तिच्या खोडी न लपवता सांगून द्यावं. ते वेगळं, पोतं वेगळं. आणि हो, खर्च होतो, नवऱ्याची कुरकुर चालू असते, आणि आमच्या घरात, जिथे अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचे, तिथे आता फ्रीजमध्ये चिकनचा डबा आहे, त्यावर सासूबाईंनी स्वतः "गो" लिहिलंय म्हणजे चुकून कोणी दुसरा डबा समजू नये.

रील्सवाल्यांनी पण डोक्याचा भुगा केलाय. रस्त्यावरून उचललं, आंघोळ घातली, गाणं लावलं, तिसऱ्या सेकंदाला गळ्यात पडली. अरे पिल्लाला माणसाची सवय लागायचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. तो उलटून गेलेली, आणि वर माणसाकडून मार खाल्लेली मांजर महिनोन्‌महिने पलंगाखाली बसू शकते. काहींना डॉक्टर औषध पण देतात, त्यात काही कमीपणा नाही. लोक रील बघून घेऊन जातात आणि पंधरा दिवसात "प्रेमळ नाही" म्हणून परत आणून देतात. प्रेमळ नाही! आपल्या घरात किती जण आहेत प्रेमळ?

सासूबाईंचं राहिलं. दवाखान्यातून आलो तेव्हा पूजा तशीच अर्धी, लाह्या बत्तासे पाटावर, समई विझलेली. मला वाटलं आता बोलणार. मी तयारीत होते, काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. त्यांनी बँडेज बांधलेल्या हाताने समई परत लावली आणि विचारलं, "तिने खाल्लं का गं काही? घाबरली असेल." बास. दुसरं काही नाही. त्यांनी तिला आजवर मांडीवर घ्यायचा प्रयत्नही केलेला नाही. दुपारी त्या पेपर वाचत जमिनीवर बसतात आणि गोधडी हातभर अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून बसते. मांजर तुमच्याकडे पाठ करून बसली म्हणजे तुमच्याकडून धोका नाही असं तिने ठरवलंय. मला अजून तेवढं मिळालेलं नाही, आणि थोडा मत्सर वाटतो, हे पण लिहून टाकते.

हां, आणि तो पांढरा बोका, दिवाळीतला. खालीच असतो. डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे, लस गेल्या महिन्यात मी टोचून आणली. बिल्डिंगचं रंगकाम सुरू होतंय, पार्किंगमध्ये परांची उभी राहणार, त्याला तिथे राहता येणार नाही. माणसांना चावत नाही, निदान मला तरी अजून नाही. आमच्याकडे आणणं शक्य नाही, कारण वर वाचलंतच. डोंबिवली, कल्याण, ठाणे चालेल. ज्यांना घ्यायचाय त्यांनी इनबॉक्स करा, पण आधी खिडक्यांना जाळी लावून फोटो पाठवा, मग बोलू.