पांढरी पाच आणि एरर ६८०

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी चारचौघांसमोर मला विचारले, "काय हो, तुमचं इंटरनेट म्हणे शेजारच्या काकांनी पेटी वाजवून सुरू करून दिलं?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मान वळवून हसल्या. मी खुलासा करण्यासाठी तोंड उघडले, तोवर तळमजला आला होता. पाचपाखाडीतल्या चार मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये मावेल इतका तो खुलासा लहान नाही, आणि त्यातला सर्वांत क्लेशदायक भाग असा, की सेक्रेटरी म्हणाले ते पूर्णपणे खोटेही नाही.

आमचा संगणक १९९८ सालचा. पाच वर्षांतच त्याला लोक 'जुना' म्हणू लागले असले, तरी त्यासाठी ऑफिसच्या पतपेढीतून काढलेले कर्ज परवापरवापर्यंत नवेच होते. त्यात विंडोज ९८ आहे आणि आत ५६ केचा मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट लावणारे कार्ड, आहे. ५६ के म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, आणि तेसुद्धा तिकडून आपल्याकडे येताना. आपल्याकडून जाताना फार तर ३३.६ हजार. प्रत्यक्षात ५६ या आकड्याचे दर्शन आम्हाला फक्त खोक्यावरच्या छपाईत घडले. तरीही तो कुरकुरत, किंचाळत का होईना, लागत असे. मेहुण्याच्या मुलीचे लग्न आटोपून आम्ही घरी परतलो आणि तेव्हापासून मात्र 'कनेक्ट'वर टिचकी मारली की एकच उत्तर येऊ लागले: एरर ६८०, देअर इज नो डायल टोन. म्हणजे फोन उचलल्यावर येणारा सूरच लाइनवर नाही. रिसीव्हर उचलून कानाला लावावा, तर टोन ढळढळीत ऐकू येत होता. भावाने बॉस्टनहून आपल्या नातवाचे फोटो पाठवले होते, आणि आई चष्मा पुसून पडद्यासमोर बसली होती.

प्रथम दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने संगणकाचे झाकण उघडले, मोडेमचे कार्ड उपसून काढले आणि खिशातून खोडरबर काढून त्या कार्डाचे सोनेरी दात अतिशय मन लावून घासले. मग कार्ड दुसऱ्या खाचेत बसवले, ड्रायव्हर पुन्हा टाकला, 'लाइन' आणि 'फोन' या दोन भोकांतल्या वायरींची अदलाबदल करून पाहिली, ती पुन्हा पूर्ववत केली, आणि "लाइनचा प्रॉब्लेम आहे" असे सांगून व्हिजिटचे अडीचशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. त्याच्या गळ्यात चिमटे लावलेला टेस्टिंगचा फोन होता. तो त्याने जिन्याखालच्या डब्याला जोडला, क्षणभर कानाला धरला आणि म्हणाला, "टोन आहे. तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम आहे. इथे सही करा." भिंतीतला तो पांढरा सॉकेट ही या दोन खात्यांमधली सरहद्द आहे, आणि जो कोणी येतो तो दोष नेमका पलीकडच्या मुलखात ढकलून परत जातो, हे माझ्या ध्यानात आले. त्या सरहद्दीवर राहणाऱ्या माणसाने जायचे कोणाकडे, याची सोय कोणत्याच खात्यात नाही.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात शेजारचे काका उभे होते. ते जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले असून घंटाळीच्या बाजूच्या एका भजनी मंडळात पेटीची साथ करतात. त्यांचा दिवाणखाना आणि आमची संगणकाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे.

"सकाळपासून तुझ्याकडे कोणीतरी सूर देतंय," ते म्हणाले, "आणि गात कोणीच नाही. हा काय प्रकार आहे?"

मी त्यांना सांगितले, की मोडेम नंबर फिरवण्यापूर्वी माणसाप्रमाणेच लाइन उचलतो, टोन ऐकतो, आणि ओळखीचा टोन आला तरच पुढे जातो. आमचा मोडेम लाइन उचलत होता, त्याच्या बारक्या स्पीकरमधून टोन खोलीभर ऐकू येत होता, आणि थोडा वेळ थांबून तो फोन आपटून ठेवत होता.

"लाव बघू." काकांनी डोळे मिटले. टोन आला, खट्ट झाले. "पुन्हा." टोन आला, खट्ट झाले. "पांढरी पाच," काका म्हणाले. "किंचित चढी." म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर.

"काका, तो डायल टोन आहे."

"असेल ना. म्हणून काय त्याला सूर नसतो?" असे म्हणून ते घरी गेले आणि पेटी घेऊन आले. ती ठेवण्यासाठी मला प्रिंटर खाली उतरवावा लागला. भाता मारत त्यांनी मधल्या सप्तकातली पांढरी पाच दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली. मी टिचकी मारली. पेटी आणि मोडेम काही क्षण एकत्र घुमले. येथे मला नाइलाजाने नमूद करावे लागते, की आपल्याकडचा डायल टोन सेकंदाला ४०० कंपनांचा, म्हणजे ४०० हर्ट्‌झचा असतो, आणि पांढरी पाच ३९२च्या आसपास येते. म्हणजे ती 'किंचित चढी' अगदी बरोबर होती. शिवाय त्या टोनवर २५ हर्ट्‌झचे कंपन चढवलेले असते, म्हणून तो जरा घरघरतो. त्या घरघरीला काकांनी "गळा साफ नाही" एवढाच शेरा दिला.

"पण गंमत बघ," ते म्हणाले, "हा तुटतोय. फोनचा सूर कसा अखंड असायला हवा. हा ठेका धरतोय. आधी ताल काढू."

मग ताल काढणे सुरू झाले. आईला टाळी धरायला बसवले गेले. दादरा जमेना, केरवा जमेना. प्रत्येक वेळी सम येण्याच्या बेतात असताना मोडेम फोन ठेवत होता आणि काका माझ्याकडे असे पाहत होते, की जणू मैफलीत मीच खोकलो. चहा झाला. ट्रंककॉल बुक करून दिवसभर वाट पाहण्याचे दिवस, अर्जंट कॉल, त्याहून महागडा लाइटनिंग कॉल, आणि अशा कॉलवर त्यांच्या आतेभावाने सांगितलेली निव्वळ बिनमहत्त्वाची बातमी, हेही सर्व झाले. माझा संयम संपत आला होता. संगणकाशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा एक गृहस्थ माझ्या टेबलावर बसून माझ्या आईला सम दाखवत होता, आणि मला काही म्हणता येत नव्हते, कारण लाइनमनने जी लाइन क्षणभर ऐकली, ती हे गृहस्थ तासभर ऐकत होते.

तो टोन तुटतोय, हे मात्र मनातून जाईना. टेलिफोन डिरेक्टरीच्या सुरुवातीच्या पानांवर सेवांची माहिती असे, ती मी चाळू लागलो, तेव्हा 'कॉल फॉरवर्डिंग' हे शब्द ऐकून स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "अहो, लग्नात दादाने आपला फोन मुलुंडला वळवला होता ना? केटरर इथे फोन करायचा म्हणून. तो परत काढला का त्याने?"

त्याने काढला नव्हता. कॉल वळवलेले असले की एक्स्चेंज त्याची आठवण म्हणून वेगळा, तुटक टोन देते. माणसाच्या कानाला तो टोनच वाटतो, पण मोडेमला मुळी ओळखच पटत नाही. लग्नापासून आमच्याकडे एकही फोन आला नव्हता आणि ही गोष्ट घरात सर्वांनाच सुखाची वाटल्यामुळे कोणी तिची चौकशी केली नव्हती. डिरेक्टरीत दिलेला कोड फिरवून मी सेवा रद्द केली. टिचकी मारली. अखंड टोन आला, नंबर फिरला, आणि पलीकडून ती लांबलचक शिट्टी आली.

"पांढरी एक," काका समाधानाने म्हणाले, "पण इतकी वरची पट्टी पेटीवर नसते." ती शिट्टी २१०० हर्ट्‌झची असते. मी गणित करून पाहिले. तेही त्यांचे बरोबर निघाले. फोटो पडद्यावर वरून खाली, रेघारेघांनी उतरू लागले. बाळाचे कपाळ दिसेपर्यंत काका थांबले आणि पेटी उचलून निघाले. त्यानंतर त्यांनी काय काय आणि कोणाकोणाला सांगितले, ते मला लिफ्टमध्ये कळले.

दुरुस्तीवाल्याला मी फोन करून सांगितले, की कार्डात काहीच बिघाड नव्हता, तेव्हा तो म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं ना, लाइनचा प्रॉब्लेम!" अडीचशे रुपयांचा विषय त्याने काढू दिला नाही. तक्रार खिडकीवर माझ्या तक्रारीपुढे 'टोन आहे, ग्राहकाच्या उपकरणात दोष' असे लिहून ती केव्हाच निकाली काढलेली होती, आणि ती नोंद बदलून घेण्यासाठी नवी तक्रार करावी लागेल असे मला सांगण्यात आले. आता कशाची तक्रार करू? फोन तर चालू आहे. शिवाय आमच्याकडून मुलुंडला वळलेल्या प्रत्येक कॉलचे पैसे आमच्याच बिलात लागणार आहेत, आणि मेहुणे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

काकांचे लक्ष मात्र अजून आहे. भिंतीपलीकडे शिट्टी ऐकू आली, की पाच मिनिटांनी ते मुद्दाम फोन करून "लागला का व्यवस्थित?" असे विचारतात. आमच्या फोनवर कॉल वेटिंग आहे. त्यांचा कॉल आला, की लाइनवर टुक-टुक होते, मोडेम गडबडतो आणि जोडणी तुटते. कॉल वेटिंग काढून टाकावे, तर सौ. तयार नाही, कारण मग तिच्या बहिणीला फोन एंगेज लागेल.