सर्व्हर भाड्याने पाहिजे

ऑनलाइन गेमच्या सर्व्हरसाठी, म्हणजे खेळाडूंचे सामायिक जग चालवणाऱ्या संगणकासाठी, होस्टिंग कंपनी (असा संगणक भाड्याने देणारी) निवडण्याचे काम ज्या माणसाकडे येते, तो माणूस सहसा तो गेम खेळत नसतो. त्याच्याकडे फक्त कार्ड असते. आमच्या घरात हे कार्ड माझ्या नावावर आहे, आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहीत असल्यामुळे, जिथे आकडा दिसेल तिथे मला पुढे करण्याची प्रथाही जुनी आहे. चिरंजीव नववीत, त्याची आतेबहीण पुण्यात, चुलतभाऊ हैदराबादेत, आणि या तिघांना माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करण्याच्या गेममध्ये एकत्र घर बांधायचे होते. हेच तिघे गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात एकत्र आले की आकाशपाळण्यात खिडकीकडे कोणी बसायचे, यावरून भांडतात. तेव्हा बांधकाम लांबून झालेलेच बरे, असे माझेही मत पडले. (आकाशपाळण्याला खिडकी नसते, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे.)

पहिला विचार अर्थातच फुकटात भागवण्याचा झाला. घरात जुना संगणक पडून होता, त्यावर सर्व्हर चालवावा म्हटले, तर इंटरनेटवाल्याच्या माणसाने दारातूनच निकाल दिला, "साहेब, तुमचा आयपी शेअरमधला आहे. आतून बाहेर जाता येतंय, बाहेरून आत कोण येऊ शकत नाही." आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता; कंपन्यांकडे असे सार्वजनिक पत्ते कमी आणि गिऱ्हाइके जास्त असल्यामुळे एकाच पत्त्यामागे अख्खी वसाहत बसवतात, आणि मग पुण्याहून आलेल्या भाचीला त्यातले आमचे दार सापडणार कसे? स्वतंत्र पत्ता हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत, पारा त्रेचाळीसच्या घरात असताना, ज्या खोलीत माणसांना कूलर पुरत नाही तिथे संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा, हा प्रस्ताव सौभाग्यवतींनी चर्चेलाच घेतला नाही. विनामूल्य सर्व्हर देणाऱ्या सेवाही आहेत, पण तिथे सर्व्हर सुरू करण्यासाठीच रांग असते, आणि चिरंजीवांचा रांगेतला क्रमांक लागेपर्यंत त्यांच्या झोपेची वेळ होते.

म्हणून मी पैसे देऊन मिळणाऱ्या होस्टिंगकडे वळलो. चादर घ्यायची असेल तर आम्ही सोलापूरकर ती हातात घेतो, घडी मोडून काठ बघतो, वजनाचा अंदाज घेतो आणि दुकानदाराचा चेहरा पडल्यावर भाव विचारतो. सर्व्हरला हात लावता येत नाही, आणि याचा पुरेपूर फायदा घेऊन कंपन्या आपल्यापुढे एकच माप नाचवतात, ते म्हणजे रॅम, संगणकाची कामापुरती स्मृती. दोन जीबी, चार जीबी, आठ जीबी, आणि योजनांची नावे मातीपासून सुरू होऊन लोखंड, सोने अशी चढत हिऱ्यापर्यंत जातात. माझ्यासारख्या हिशेबनिसाला असे वाटते, की जी वस्तू जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेली असते, ती विकणाऱ्याला सर्वांत स्वस्त पडलेली असते.

खरी गोम वेगळीच आहे. हा सर्व्हर सेकंदाला २० वेळा आपल्या जगाचा हिशेब करतो : कोणती गाय कुठे सरकली, कोणत्या शेतातला गहू वाढला, कोण कड्यावरून पडला. एका हिशेबासाठी त्याला ५० मिलिसेकंद मिळतात, आणि हे मुख्य काम प्रोसेसरचा (संगणकाच्या मेंदूचा) बहुतांशी एकच कोअर, म्हणजे त्यातला एकच कामगार, करतो. त्यामुळे 'बत्तीस कोअर' अशी जाहिरात वाचून हुरळून जाण्यात अर्थ नाही. जो एक कोअर आपल्या वाट्याला येईल, तो किती चपळ आहे एवढेच विचारायचे. रॅम मर्यादेपलीकडे वाढवली तर खेळ वेगवान होत नाही, उलट जावाला (ज्या भाषेत हा सर्व्हर लिहिला आहे तिला) आपला केर, म्हणजे वापरून झालेली स्मृती, काढायला कधीकधी जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यापुरत्या सगळ्या गाई जागच्या जागी थिजतात.

हा प्रश्न मी एका कंपनीच्या चॅट खिडकीत विचारला. तिथे जी व्यक्ती होती, ती व्यक्तीच होती असे मी धरून चालतो. मी लिहिले, "आपल्याकडे प्रोसेसर कोणता आहे?" उत्तर आले, "प्रीमियम." मी विचारले, "प्रीमियम म्हणजे कोणता?" उत्तर आले, "उच्च कार्यक्षमतेचा." मी चिकाटीने विचारले, "किती गिगाहर्ट्झचा?" तेव्हा समोरून मला आठ जीबीच्या योजनेवर सवलत देण्यात आली. आमच्या कारखान्यात सुताचा काउंट विचारल्यावर पुरवठादाराने 'उत्तम' असे उत्तर दिले असते, तर त्याचा ट्रक फाटकातूनच परत गेला असता.

यानंतर अंतराचा प्रश्न उभा राहिला. जर्मनीतला सर्व्हर स्वस्त होता, आणि इंटरनेटला अंतर नसते असे आमचे मेहुणे ठामपणे म्हणतात. पण काचेच्या तंतूतून प्रकाशसुद्धा सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटरच धावतो. मुंबई ते फ्रँकफर्ट हवाई अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येण्यालाच किमान ६५ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या घरात. भाचीच्या भाषेत सांगायचे तर, तलवार आज मारायची आणि झोंबी उद्या मरायचा. हैदराबादच्या पुतण्याने लगेच फोन करून आपल्या गावाचे घोडे पुढे दामटले, "काका, मुंबई चारशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. मग सर्व्हर इकडेच घ्या की!" युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून मी मार्ग तपासून पाहिला, तर आमच्या घरातून निघालेला संदेश आधी इमानेइतबारे मुंबईला जातो आणि तिथून हैदराबादला उतरतो असे दिसले. सोलापूरहून हैदराबादला मुंबईमार्गे जाणारा माणूस आमच्या नात्यात अजून तरी निघालेला नाही, परंतु इंटरनेट कंपनीची जोडणी जिथे असेल तिथूनच तिचे गाडे वळते. त्यामुळे सर्व्हर मुंबईतला घ्यावा असे ठरले आणि पुतण्या दोन दिवस फोनवर आला नाही.

भाची मोबाइलवर खेळते आणि मुलगे संगणकावर, हीसुद्धा एक भानगडच निघाली. संगणकावरचा जावा गेम आणि मोबाइलवरचा बेडरॉक गेम यांची भाषा वेगळी, त्यामुळे मध्ये गायझर नावाचा दुभाष्या बसवावा लागतो; जावाचे ठरलेले दार (पोर्ट) २५५६५ क्रमांकाचे, तर मोबाइलवाल्यांचे १९१३२ क्रमांकाचे. स्वस्त योजनेत एकच दार मिळत होते. आत्याच्या मुलीला बाहेर उभे करण्याची कल्पना चिरंजीवांना आवडली होती, ती मी फेटाळली.

एका कंपनीने परीक्षणासाठी थोडे दिवस सर्व्हर दिला. दुपारी तो लोण्यासारखा चालला. रात्री नऊला मात्र पडद्यावर ओळी उमटू लागल्या : 'कांट कीप अप! इज द सर्व्हर ओव्हरलोडेड?' पुढे, सर्व्हर किती मिलिसेकंद आणि किती टिक (सेकंदाला होणाऱ्या त्या २० हिशेबांपैकी एक म्हणजे टिक) मागे पडला आहे, याचा चोख आकडा. आपल्यावर भार जास्त झाला आहे का, हे सर्व्हरने मला विचारावे, याचे मला नवल वाटले. आमची तीन मुले आणि काही कोंबड्या, एवढाच आमचा भार होता. परंतु त्याच यंत्रावर कंपनीने आणखी किती बिऱ्हाडे बसवली होती आणि त्यांच्याकडे किती कोंबड्या होत्या, हे कोणत्याही योजनेच्या पानावर लिहिलेले नसते. म्हणून परीक्षण करायचे ते रात्री नऊलाच, असा नियम मी केला. आमच्याकडे ज्या दिवशी नळाला पाणी सुटते त्या रात्री परीक्षकच बादल्या भरण्यात गुंतलेले असतात, एवढाच त्याला अपवाद.

सुरक्षेचे कलम मी सुरुवातीला भरतीचे समजत होतो. पण २०१६ साली घरोघरीचे राउटर आणि कॅमेरे वेठीला धरून मोठमोठे हल्ले करणाऱ्या मिराई नावाच्या बॉटनेटमागे (वेठीला धरलेल्या यंत्रांच्या फौजेमागे) काही अमेरिकन तरुण होते, आणि त्यांचा रोख सुरुवातीला माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर होता, हे वाचल्यावर मी हल्लारोधक सोय आहे की नाही, असा एक रकाना वाढवला. दुसरा रकाना बॅकअपचा. मार्च २०२१मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा रस्ट या गेमच्या काही सर्व्हरवरची खेळाडूंची जगे कायमची गेली. हे मी जेवताना सांगितले. चिरंजीवांनी भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत तसाच धरून विचारले, "बाबा, किल्ले पण गेले?" तेव्हापासून बॅकअपची प्रत दर रविवारी आमच्या घरच्या संगणकात उतरते, आणि ती उतरवण्याबाबत त्यांना आठवण करावी लागत नाही. गणिताच्या वहीबाबत असे कधी घडलेले नाही.

राहता राहिला भाव. पहिल्या महिन्याचा दर वेगळा, नूतनीकरणाचा वेगळा, 'पासून' या शब्दानंतरचा तर निव्वळ स्वप्नातला. त्यावर १८ टक्के जीएसटी. विदेशी कंपनी असेल तर डॉलरचा भाव आणि बँकेचे रूपांतर शुल्क, आणि ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे कडक नियम लागू असल्यामुळे, ज्या कंपनीला ते जुळवून घेता आले नाही तिचा हप्ता तुंबणार, आणि हप्ता तुंबला की सर्व्हर बंद, तोही बहुधा मी कारखान्यात मार्चअखेरच्या ताळेबंदात मान घालून बसलेला असताना. एवढ्यावरून मी मुंबईत यंत्र असलेली, प्रोसेसरचे नाव सरळ सांगणारी, यूपीआयने पैसे घेणारी एक देशी कंपनी निवडली. चार जीबी, महिन्याच्या बोलीवर. तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास मोठी सवलत होती, पण तीन वर्षांनी चिरंजीव बारावीत असतील, तेव्हा ती सवलत मी सोडून दिली.

पहिल्या आठवड्यात तिघांनी मिळून घर बांधले, दुसऱ्या आठवड्यात त्यात भिंत घातली. आता त्यांना मॉड (गेममध्ये नव्या गोष्टींची भर घालणारे जोडप्रोग्राम) लावायचे आहेत आणि त्यासाठी चार जीबी पुरत नाहीत, आठ लागतात, अशी मागणी तोंडी आली आहे. मी ती लेखी मागवली असून, सोबत तीन कंपन्यांची कोटेशने जोडावीत आणि प्रत्येकीवर प्रोसेसरचे नाव असावे, असा शेरा मारून फाइल परत पाठवली आहे.