निघतोय, निघतोय!

सासूबाईंचा पुण्याहून फोन आला की पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, जेवणाचा नाही, थेट "निघालात का गं?" गेले चौदा महिने त्या हेच विचारतायत आणि गेले चौदा महिने माझं उत्तर तेच, "नाही हो आई, एवढं एक काम झालं की निघतोच." म्हणजे कसं, बॅगा भरून माणूस गाडीत बसलाय, गाडी त्याची स्वतःची आहे, ड्रायव्हरही तोच आहे, आणि तरी चौदा महिने गाडी फलाटावरच.

तर आम्ही दोघं बोटीवर राहतो. बोट म्हटल्यावर लोकांना क्रूझ वाटते, स्विमिंग पूल, बुफे वगैरे, तसलं काही नाही, शिडाची बोट, छत्तीस फुटी, १९८४ सालची, म्हणजे नवऱ्यापेक्षा एका वर्षाने मोठी आणि कुरकुर साधारण तेवढीच. मुक्काम अमेरिकेत, मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला, चेसापीक बे नावाच्या उपसागराच्या काठावरच्या एका मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर. बेत असा की थंडी पडायच्या आत दक्षिणेला सटकायचं, नॉरफोकपर्यंत बेमधून, तिथे इंट्राकोस्टल वॉटरवेचा शून्य मैल लागतो, तो आतल्या आतला पाण्याचा रस्ता धरून फ्लोरिडा, मग गल्फ स्ट्रीम नावाचा समुद्रातला प्रवाह ओलांडून बहामाज. दर वर्षी शरदात इथून बोटींची रांग लागते खाली जायला. आम्ही गेल्या वर्षी त्या रांगेला टाटा केला, आणि यंदाही केला असता.

कल्पना अर्थातच नवऱ्याची. त्याचा आदर्श नौदलाचे तेव्हाचे कमांडर दिलीप दोंदे, पृथ्वीला एकट्याने शिडाच्या बोटीतून प्रदक्षिणा घालणारे पहिले भारतीय. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला मुंबईत परत. बरोब्बर नऊ महिने. एवढ्या वेळात आम्ही स्वयंपाकघरातला एक नळ बदलला. भरीला भर म्हणून सासूबाईंनी मे महिन्यात 'तारिणी' बोटीची बातमी फॉरवर्ड केली, नौदलाच्या दिलना आणि रूपा, दोघीच, गोव्याहून २ ऑक्टोबर २०२४ ला निघून २९ मे २०२५ ला जगाला वळसा घालून घरी. खाली सासूबाईंची एक ओळ: "यांचा नंबर घेऊन ठेव, काही अडलं तर विचारता येईल."

राहण्याचं म्हणाल तर मला काही त्रास नाही. मी डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसांत वाढले. गादी उचलली की खाली तांदूळ, तांदळाच्या मागे दिवाळीचा कंदील, हे आमच्या रक्तात आहे. नवरा पुण्याच्या बंगल्यातला, त्याला प्रत्येक वस्तूसाठी एक कपाट लागतं. बोटीत नियम असा की जी वस्तू हवी ती तुम्ही जिच्यावर बसलाय तिच्या खाली असते, आणि ती काढेपर्यंत दुसरा माणूस तुम्ही जिथे उभे आहात तिथे यायला बघत असतो. पहिल्या महिन्यात "सॉरी, सॉरी" चाललं, दुसऱ्या महिन्यात "सरक", आता नुसतं कोपराने कळतं.

आणि शेजार म्हणाल तर हुबेहूब चाळ. आजी गिरगावात राहायची, तिथली गॅलरी आठवते मला, तसा हा लाकडी धक्का, दोन्ही बाजूंना बोटी, कुणाकडे काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाहीये, सगळं सगळ्यांना ठाऊक. आंघोळीच्या खोल्या लांब त्या टोकाला, सकाळी खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची पिशवी, रिटायर्ड डॉक्टर, वकील, शिक्षिका सगळे त्या वाटेने, "झाली का?" "व्हायचीय!" चाळीत वाटीभर साखर मागायला येत, इथे सात-सोळांशचा पाना मागायला येतात. पान्यांची तर निराळीच रड, बोट अमेरिकन, म्हणजे तिचे नटबोल्ट इंचात, इंजिन जपानी, म्हणजे त्याचे मिलिमीटरमध्ये, आणि आधीच्या मालकाने जे काही लावलंय ते बहुतेक स्वप्नात मोजलेलं.

बोटीला आणि काठाला जोडणारी एक जाडजूड पिवळी वायर आहे, तीस अँपिअरची. तिच्यावर आमचा हीटर, माझा मिक्सर, नवऱ्याचा ड्रिल, फोन, सगळा संसार. मी त्या वायरच्या प्रेमात आहे. ती काढली की पुढे फक्त बॅटऱ्या आणि सोलर, म्हणजे चटणी पाट्यावर, आणि पाटा वजनात बसत नाही.

तर कामं का संपत नाहीत ते ऐका. झोपायच्या जागी एक वाचायचा दिवा आहे, तो लागत नव्हता. एवढंच. नवरा म्हणाला, पाच मिनिटांचं काम. वायर बघितली तर आतून हिरवी झालेली, खाऱ्या हवेने तांबं असंच होतं. वायर गेली होती पाण्याच्या टाकीमागे. टाकी सरकवली तर मागे नळीची क्लिप गंजलेली. क्लिप बदलायला नळी काढायची तर आधी तिच्या खालचा सीकॉक बंद करायला हवा. आता सीकॉक म्हणजे बोटीच्या पोटाला मुद्दाम पाडलेल्या भोकाचा नळ, आणि अशी भोकं आमच्या बोटीला नऊ आहेत, हे मला बोट विकत घेतल्यावर कळलं. तो सीकॉक फिरेना. तो बदलायचा तर बोट पाण्याबाहेर काढली पाहिजे, नाहीतर समुद्रच आत येईल. म्हणून क्रेन. बाहेर काढलीच आहे तर तळाचा जुना रंग खरवडून नवा लावू, त्यात तांबं असतं म्हणजे शिंपले-शेवाळ चिकटत नाही, आणि किंमत अशी की तांब्याच्या जागी सोनं असावं. मग तीन आठवडे आम्ही जमिनीवर, लोखंडी टेकूंवर उभ्या बोटीत, बारा फुटी शिडी चढून. बेसिनमध्ये चूळसुद्धा भरायची नाही, पाणी खाली रंग लावणाऱ्याच्या डोक्यावर. रात्री दोनला उठायचं झालं तर टॉर्च दातात धरून शिडी उतरायची, अंगणापलीकडे जायचं, परत यायचं, परत चढायचं, आणि वर आलं की जाणवतं, अजून थोडं होतं.

दिवा अजून लागत नाही. मी मोबाईलच्या उजेडात वाचते.

पण खरी परीक्षा नरकचतुर्दशीला. बोटीवरच्या संडासाला 'हेड' म्हणतात. मी एकदा सासूबाईंना सांगितलं, "हेड बिघडलंय," तर त्या काळजीने म्हणाल्या, "कुणाचं?" या हेडला फ्लश नाही, हातपंप आहे, वीस-पंचवीस वेळा मारायचा, मग ऐवज नळीतून टाकीत जातो, आणि टाकी भरली की रिकामी करायला पंपवाल्यांकडे जायचं, किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत समुद्रात सोडायला कायद्याने बंदी, आणि ते बरोबरच आहे. तो ऐवज उलटा येऊ नये म्हणून वाटेत एक रबरी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी, तिचं नाव जोकर व्हॉल्व्ह. नाव ठेवणाऱ्याला सगळं माहीत होतं. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की नळीत चुन्यासारखा थर बसत जातो, दीड इंची नळी हळूहळू पेन्सिलएवढी होते, म्हणून अधूनमधून व्हिनेगर ओतायचं असतं. आमच्याकडचं व्हिनेगर मी मिरच्यांच्या लोणच्यात वापरलं. ही चूक माझी, मान्य.

पहाटे उठले, पुण्याहून आलेलं सुगंधी तेल काढलं, उटणं भिजवलं, पणती लावली, आणि पंप अडकला. नवरा म्हणाला, "जोर लाव." मी म्हटलं, "तू लाव." त्याने लावला. मग त्याने नळी सोडवायला घेतली, सोडवायच्या आधी आतला दाब काढावा लागतो हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. पुढचं वर्णन सणासुदीचं करू नये. एवढं सांगते की छताला लागलं.

आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल. इथे सकाळचे सहा, पुण्यात दुपारचे साडेतीन, सासूबाई चहाचा कप घेऊन. नवऱ्याचे हात भरलेले म्हणून मी माझ्या कोपराने फोन उचलला तर समोर कॅमेऱ्यात तोच, उघडाबंब, कपाळापासून छातीपर्यंत माखलेला. सासूबाईंचे डोळे भरून आले. "अगं बाई, उटणं लावलंय की रे! परदेशात राहून एवढं करता तुम्ही." मागून सासरे म्हणाले, "रंग जरा गडद वाटतोय." आम्ही दोघंही काही बोललो नाही. नवी झडप बसवली, नळी धक्क्यावर आपटून आपटून आतला थर पाडला, शेजारचे दोन म्हातारे कॉफी पीत बघायला उभे, आणि कारीट कुठे मिळणार इथे, म्हणून तो जुना जोकर व्हॉल्व्ह डाव्या पायाच्या अंगठ्याखाली घेतला आणि दोघांनी ओरडून "गोविंदा, गोविंदा!" म्हटलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग रेशन. पुठ्ठ्याचे खोके बोटीत आणायचे नाहीत, त्यात झुरळांची अंडी येतात. डब्यांवरची कागदी लेबलं काढायची, ओली होऊन तळाच्या पंपात अडकतात. म्हणून मी लेबलं फाडून डब्यांवर मार्करने शॉर्टफॉर्म लिहिले, आणि आता 'च' म्हणजे चणे की चवळी की चिंच हे उघडल्याशिवाय कळत नाही. रवा, पोहे, मेतकूट, कोकम, गोडा मसाला सगळं बरण्यांत. बोंबील नवऱ्याच्या उशीखालच्या कप्प्यात, हे त्याला अजून माहीत नाही, तो समजतो वास बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळातल्या खळग्याचा आहे आणि दर रविवारी बिल्ज घासतो. त्यामुळे बोट स्वच्छ राहते. कुकर मात्र वादाचा विषय झाला. पहिल्या दिवशी तीन शिट्ट्या झाल्या तर पलीकडच्या बोटीवरचे आजोबा अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आले. आता त्यांना सवय झालीय, दुसऱ्या शिट्टीला ताट घेऊन येतात. गॅसचं एक सांगते, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर जात नाही, बोटीच्या तळात साठतो आणि ठिणगीची वाट बघतो, म्हणून शेगडीजवळ बटण आहे, स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच गॅस बंद. माझी आई डोंबिवलीत दर रात्री ओरडायची, "रेग्युलेटर बंद केलास का?" हे लोक त्याच वाक्याला सेफ्टी प्रोटोकॉल म्हणतात.

सल्ले तर विचारूच नका. 'नांगर कुठला चांगला' एवढं धक्क्यावर मोठ्याने म्हणायचं, की लग्नघरात आमटीत गूळ किती यावर होतं तसं सुरू. एकाचं मत ऐकून नांगर घेतला, तेव्हापासून दुसरा आमच्याशी बोलत नाही. बोटीचं नाव मी ठेवलं, 'झुळूक'. गोड आहे की नाही? पण रेडिओवर कुणाला ते उच्चारता येत नाही, म्हणून दर वेळी नवरा अक्षरं फोडून सांगतो, झुलू, होटेल, युनिफॉर्म, लिमा, युनिफॉर्म, किलो. परवा बोटींसाठी पूल उघडणाऱ्या माणसाने त्याला उत्तर दिलं, "ओके, झुलू होटेल." आता आख्खा धक्का आम्हाला हॉटेलच म्हणतो, आणि आजोबांचं ताट बघता त्यात खोटं काही नाही.

शेवटी मुहूर्त. अटलांटिकमधला हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आमच्या इन्शुरन्सवाल्यांची अट की नोव्हेंबर उजाडल्याशिवाय दक्षिणेला सरकायचं नाही, आणि नोव्हेंबर सरला की गोठायच्या भीतीने धक्क्यावरचे नळ बंद. मधल्या चार आठवड्यांत शुक्रवारी निघायचं नाही, खलाशांत अपशकुन. शनिवारी नाही आणि अमावास्येला तर नाहीच, इति सासूबाई. सोमवारी वारा दक्षिणेचा, म्हणजे तोंडावर. बुधवारी नवऱ्याला शंका आली की डोलकाठी पुलाखालून जाईल का, वाटेतले पक्के पूल साधारण पासष्ट फुटांचे, आमची काठी पाण्यापासून त्रेपन्न, हे त्याने तिसऱ्यांदा मोजलं. पुढच्या टप्प्यात डिस्मल स्वॉम्प नावाचा कालवा आहे, १८०५ सालापासून चालू, नावाचा अर्थ उदास दलदल, आणि तिथे पोचायला मी उतावीळ झाले होते यावरून माझी अवस्था ओळखा.

मंगळवारी वायव्येचा वारा, पंधरा नॉट, लख्ख ऊन. भिंतीवरच्या यादीतली सदुसष्ट कामं, पैकी चव्वेचाळीस खोडलेली, उरलेली नवऱ्याने "वाटेत करू" असं एकच वाक्य लिहून संपवली. अख्खी चाळ धक्क्यावर जमली, भोंगे, मिठ्या, कुणी केक आणला, ज्याने बोलणं टाकलं होतं तोही आला आणि आमच्या नांगराकडे बघून मान हलवून गेला. मी नारळ पाण्यात सोडला, हळदकुंकू वाहिलं. व्हिडिओ कॉलवर सासूबाई, त्यांच्यामागे सासरे, दोन आत्या, शेजारच्या जोशीकाकू. इंजिन सुरू, दोर सुटले, 'झुळूक' मागे सरकली, मला खरंच रडू आलं, काठावर सगळे मोबाईल उंच करून शूटिंग करतायत आणि काहीतरी ओरडतायत, मला वाटलं बाय बाय म्हणतायत, मीही दोन्ही हात हलवले.

मग बोटीने एक गचका खाल्ला आणि थांबली. नवरा सुकाणूवरून मागे बघतोय, मी पुढे बघतेय, आणि मधे ती पिवळी वायर, काठापासून बोटीपर्यंत ताठ, सतारीच्या तारेसारखी.

फोनमधून सासूबाईंचा आवाज आला, "निघालात का गं?"

"हो आई," मी म्हटलं, "दहा फूट."

आत जाऊन यादीत लिहिलं: ६८. वायरचा प्लग नवीन.