मोर्स येत नाही म्हणून हॅमचं लायसन नाही, म्हणे!

आगोट जवळ आली की आमच्या दापोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास येतात: सुक्या मासळीचे भाव आणि हॅम रेडिओवरचं, म्हणजे हौशी माणसांच्या बिनतारी संचांवरचं, ते एक फॉरवर्ड. त्यातला मजकूर थोडक्यात असा. हॅमचं लायसन काढायचं तर मोर्स कोड, म्हणजे टिंब-रेघांची ती तारेची लिपी, पाठ हवा. त्याला दोन वर्षं लागतात. जगानं तर मोर्स 1999 सालीच मोडीत काढला. तेव्हा त्या फंदात न पडता एक वॉकीटॉकी आणि मोर्स ओळखणारं मोबाइल ॲप घ्या, वादळात तेवढं पुरे. यंदा ते माझ्या पुतण्याला आलं आणि त्यानं परीक्षेचा बेतच सोडला. म्हणून हा खटाटोप.

पहिलंच वाक्य चूक. आपल्याकडे हॅमच्या दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्सची परीक्षाच नाही. रेडिओचं तंत्र आणि नियम, एवढाच पेपर. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की बसता येतं. पास झालात की व्हीयू3 ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव, मिळतं. जनरलवाल्यांचं व्हीयू2 ने सुरू होतं आणि त्यांना जास्त वॅटची मुभा असते, फरक मुख्यतः हा. गैरसमज कुठून आला तेही सांगतो. 30 मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरींवर बोलायचं तर मोर्स आलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम खरोखरच होता. 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेत तो सक्तीचा राहिला नाही, ज्या त्या देशावर सोडला गेला. फॉरवर्ड लिहिणारा बहुधा त्याच्या आधीचा असावा.

आता ती 'दोन वर्षं'. दोन वर्षं लागतात ती मोर्सला नव्हे, कागदपत्रांना, असं आम्ही हॅमवाले चेष्टेत म्हणतो. मी जनरलला बसलो तेव्हा वेग होता मिनिटाला 8 शब्द, पाच मिनिटं ऐकून लिहायचं आणि पाच मिनिटं मोर्सच्या चावीवर, म्हणजे बटण दाबून, पाठवायचं. त्याआधीच्या नियमांत श्रेणीनुसार 5 किंवा 12 शब्द होते. शब्द पाच अक्षरांचा धरतात, म्हणजे 8 शब्दांना मिनिटात 40 अक्षरं, दर दीड सेकंदाला एक. मला चार महिने लागले, रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं. आणि त्यातला पहिला महिना मी स्वतःच्या हातानं वाया घालवला.

कसा, तर तक्ता भिंतीला चिकटवून. ए म्हणजे टिंब-रेघ, बी म्हणजे रेघ-टिंब-टिंब-टिंब, असं डोळ्यांनी पाठ केलं. मग कानावर आवाज पडला की डोक्यात आधी टिंबं मोजायची, मग तक्ता आठवायचा, मग अक्षर. तोवर पुढची दोन अक्षरं निघून गेलेली. मिनिटाला दहा शब्दांच्या आसपास पुष्कळांची गाडी अडते ती याच मोजदादीमुळे. मला शहाणं केलं आमच्या भजनी मंडळातल्या पखवाजवाल्या काकांनी, रेडिओतलं ओ की ठो कळत नसताना. म्हणाले, "आम्ही पोरांना आधी बोल तोंडानं म्हणायला लावतो. तिटकत गदिगन तोंडात बसलं की हात आपसूक चालतो. तू कागद कसला बघतोस?" तक्ता फाडला. सी म्हणजे दा-दि-दा-दिट, क्यू म्हणजे दा-दा-दि-दा, एवढंच. टिंब-रेघ हे शब्दच टाकून दिले. पुढे कळलं की लुडविग कोख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1930 च्या दशकात जवळपास हेच सांगितलं होतं: अक्षरं सुरुवातीपासून पूर्ण वेगानं ऐकवा, पण आधी दोनच. ती पक्की झाली की तिसरं.

1999 बद्दल. यात अर्धं खरं आहे. 1 फेब्रुवारी 1999 पासून जहाजांच्या संकटसंदेशांसाठी उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि जहाजांवरच्या मोर्सची सद्दी संपली. आपल्याकडची तार जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण ती फार आधीच टेलिप्रिंटरवर आणि मग संगणकावर गेलेली होती. (दारात तार आली की घर चिडीचूप व्हायचं, हे आठवणारी माणसं अजून आहेत.) हॅमच्या मोर्सला यातल्या कशानंच हात लावलेला नाही. दिवेलागणीनंतर 7 मेगाहर्ट्झच्या बँडच्या तळाशी रिसीव्हर लावून बसा, मग सांगा मोर्स मेलाय का. जाता जाता, एसओएस म्हणजे 'सेव्ह अवर सोल्स' हेही त्या फॉरवर्डात आहे. तसं काही नाही. 1906 साली बर्लिनच्या परिषदेत ती खूण ठरली, कारण तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं सलग आली की चटकन ओळखू येतात. लघुरूप लोकांनी मागून जोडलं.

आता ते मोबाइल ॲप. यंत्रानं पाठवलेला स्वच्छ मोर्स ते ओळखतं. हातानं वाजवलेला, वर पावसाळी विजांची खरखर असलेला, त्याला झेपत नाही.

राहिला वॉकीटॉकी. तो 144 ते 146 मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यातच जातात. हर्णैच्या किनाऱ्यावरून बोलाल तर मधले डोंगर आणि मागे सह्याद्रीची भिंत. पुण्याला पोचायचं तर 7 मेगाहर्ट्झ बरा. अँटेना म्हणून साधारण वीस मीटर तार दोन माडांमध्ये फार उंच न चढवता बांधली की लहर वर आभाळात जाऊन घाटापलीकडे उतरते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमची वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. पडलेल्या पोफळींतून तार ओढून काढली, गाडीची बॅटरी लावली. आवाजाला अडीच-तीन किलोहर्ट्झचा पट्टा लागतो, मोर्सला काहीशे हर्ट्झ पुरतात. त्यामुळे थोड्या वॅटांतही तो गोंगाटातून वर निघतो. पुण्याच्या एका हॅमनं माझं मोर्समधलं 'छप्पर गेलं, माणसं बरी' घेतलं आणि बहिणीला फोन केला. बॅटरी भरलेली असती तर हेच बोलूनही झालं असतं, हे कबूल करतो. मोर्सची आरती ओवाळायची नाही मला.

पण हे फॉरवर्ड मच्छीमारांच्या ग्रुपवर फिरतं, ते मात्र खटकतं. लायसन नसताना हॅमच्या सेटवर बोलणं बेकायदा. लायसन असलं तरी त्यावर धंद्याचं बोलता येत नाही, बांगड्याला आज काय भाव हेसुद्धा नाही. बोटीसाठी मरीन व्हीएचएफ, म्हणजे समुद्रावरचा रेडिओ, वेगळा असतो आणि त्याचं संकटाचं चॅनल 16. ग्रुपवर मी त्या फॉरवर्डखाली एवढंच टाकलं: तांडेलांनो, कोस्ट गार्डचा नंबर 1554 फोनमध्ये घालून ठेवा. आणि पुतण्याला फॉर्म भरायला बसवलंय, रिस्ट्रिक्टेडचा.