ट्रंकेतली दामदुप्पट

वडील जाऊन पंधरा-वीस वर्षे झाल्यावर घर रंगवायला काढावे, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवावी आणि तिच्या तळाशी, लग्नपत्रिका, विजेची बिले व एका कधीच बंद पडलेल्या रेडिओचे लायसन्स यांच्याखाली, पोस्टाची चार-पाच बचत पत्रे सापडावीत, हा योग ज्यांच्या पत्रिकेत आहे अशा भाग्यवंतांसाठी हे मार्गदर्शन आहे. बाकीच्यांनी आपापली ट्रंक उघडून पाहून मग पुढे वाचावे.

पत्रे सापडताच त्यांवर काय छापले आहे ते वाचत बसू नका. आधी हिशेब करा. किसान विकास पत्र 1988 साली निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होत असे, एवढे आपल्याला पक्के ठाऊक असते आणि तेवढे पुरते. वडिलांनी 1990 मध्ये दहा हजार गुंतवले असतील, तर साडेपाच वर्षांत वीस हजार, अकरा वर्षांत चाळीस, आणि असे करत करत तेहेतीस वर्षांत सहा वेळा दुप्पट होऊन चक्क 6,40,000 रुपये झाले. हा आकडा जेवणाच्या टेबलावर मोठ्याने सांगा, शोरूममध्ये जाऊन गाडीचा रंग पसंत करा, आणि जो मेहुणा आजवर तुमच्या वडिलांना चिक्कू म्हणत आला त्याच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहा. ते पत्र एकदाच दुप्पट होणार होते, वीस हजारांवर येऊन थांबले, त्यानंतर फार तर बचत खात्याच्या दराने साधे व्याज, आणि जुन्या नियमांत त्यालाही दोन वर्षांची मर्यादा, हा तपशील मेहुण्याला कळेपर्यंत तरी तुमचे दिवस सुखात जातील.

खरे तर 'दामदुप्पट' हा शब्दच आपल्याला सावध करायला पुरेसा होता. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात आणि पुढे मुंबई इलाख्याच्या न्यायालयांतही दामदुपटीचा नियम होता तो सावकाराला आवर घालणारा: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे ज्या शब्दाचा मूळ अर्थ 'याच्या वर एक पैही नाही' असा होता, तो आपण 'निदान एवढे तरी मिळणारच' अशा अर्थाने जाहिरातींत वाचला आणि भाबडेपणाने पोस्टाच्या रांगेत उभे राहिलो. पोस्टाने मात्र तो जुन्याच अर्थाने पाळला.

तुमच्या गठ्ठ्यात इंदिरा विकास पत्र निघाले तर आनंदाला पारावार नाही. 1986 साली निघालेले हे पत्र म्हणजे अल्पबचतीतला खरा स्थितप्रज्ञ होता. त्यावर ना घेणाऱ्याचे नाव, ना सही, ना वारसाचा रकाना. ज्याच्या हाती पत्र, तो मालक. ज्यांच्या उत्पन्नाला स्वतःचे नाव सांगण्याचा संकोच वाटत असे, अशा प्रतिष्ठितांमध्ये ते का लोकप्रिय झाले, हे उघड आहे. तुमचे वडील अर्थातच त्यांतले नव्हते, त्यांनी ते केवळ एजंटाच्या भिडेखातर घेतले असणार. आता त्यावर छापलेला 1,000 हा आकडा पाहून तुम्ही ताबडतोब तोंडी दोन हजार म्हणाल. अवश्य म्हणा. मात्र हे पत्र दर्शनी किमतीच्या निम्म्या पैशांत मिळत असे, म्हणजे वडिलांनी पाचशे दिले होते आणि छापलेले हजार हीच ती दुप्पट आहे, हे काउंटरवरच्या बाईंनी सांगितले की त्यांच्याशी वाद घालायला विसरू नका. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांचीही तेवढीच करमणूक.

दरम्यान, हे पत्र हरवून पाहण्याचा प्रयोगही करता येईल. अशा एका प्रकरणात गुंतवणूकदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि 2006 साली न्यायालयाने सांगितले की इंदिरा विकास पत्र हे नोटेसारखेच आहे, ते हरवले तर सरकार दुसरे देणार नाही. किसान विकास पत्र किंवा राष्ट्रीय बचत पत्र हरवले, तर हमीपत्र लिहून देऊन दुय्यम प्रत मिळवण्याची सोय आहे. पण सोय असलेली वस्तू हरवण्यात कसली मजा?

पत्रे सापडल्यावर त्यांची काळजी घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापलेला, जलचिन्ह असलेला तो जाड कागद तीस वर्षे झुरळांशी आणि दमटपणाशी एकट्याने लढला. आता तुम्ही त्याला चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणा. पाठीमागे 'रक्कम पोचली' म्हणून सही करायची जागा असते, ती प्लास्टिकखाली कायमची सुरक्षित राहील. कसर लागली असेल तर ती कुठे लागली आहे ते पाहा. बहुधा पत्राचे सगळे कोपरे शाबूत असतात आणि जिथे जांभळ्या शाईचा गोल शिक्का होता, नेमके तिथेच बोटभर भोक असते. 'मार्च 19' एवढे वाचता येते आणि पुढचे दोन आकडे कसरीच्या पोटात गेलेले असतात. ते आकडे गेले तर बिघडले काय, असे तुम्ही म्हणाल. किसान विकास पत्राची मुदत आधी साडेपाच वर्षे होती, पुढे दर उतरत गेले तशी ती वाढत 2003 साली आठ वर्षे सात महिने झाली. 2011 च्या अखेरीस योजनाच बंद पडली, 2014 मध्ये शंभर महिन्यांची होऊन परत आली आणि आता 115 महिन्यांची आहे. राष्ट्रीय बचत पत्राच्या सहा वर्षांच्या आठव्या मालिकेत नव्वदच्या दशकात शंभराचे दोनशेच्या वर होत, तर 2003 नंतर घेतलेल्या शंभराचे 160 रुपये 10 पैसेच झाले. पत्राची किंमत वडिलांच्या कष्टांवरून ठरत नाही, तुमच्या अपेक्षेवरून तर नाहीच. ती त्या शिक्क्यावरच्या तारखेवरून ठरते. म्हणून ती तारीख कसरीने खावी, हे क्रमप्राप्तच आहे.

आता काउंटरवर जा. ज्या पोस्टातून पत्र घेतले तिथे जाऊ नका, घराजवळच्या पोस्टात जा, आणि 'एनसी-32' हा बदलीचा फॉर्म भरायला सांगितला की 'सगळी पोस्टे सरकारचीच ना?' असा बिनतोड सवाल करा. पत्र दोघांच्या नावे असेल, तर ते 'ए' प्रकारचे आहे की 'बी', म्हणजे पैसे दोघांना मिळून द्यायचे की कोणाही एकाला, ते पाहण्याचा सूक्ष्मपणा करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूळ धारक हयात नाहीत ही गोष्ट अगदी शेवटी सांगा. बाईंनी रजिस्टर शोधून काढले, धूळ झटकली, नोंद जुळवली आणि पत्र उलटे करून पेन पुढे केले, की मगच हळूच म्हणावे, "सही वडिलांचीच लागेल का?"

इथून पुढचा मार्ग प्रशस्त आहे. मृत्यूचा दाखला, तुमची ओळखपत्रे, साक्षीदार; आणि पत्रावर वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, केलेली नसेल तर पाच लाखांपर्यंतच्या रकमेला हमीपत्र, प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांचे हक्कसोडपत्र. त्याहून जास्त रक्कम असेल तर न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र. पण तुमचा तो 6,40,000 चा हिशेब आता आटोक्यात आला असल्यामुळे न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही, हा त्यातला दिलासा.

दगदग नको असेल, तर सरळ थांबा. मुदत संपून तीन वर्षांत बंद न केलेली खाती आता टपाल खाते वर्षातून दोनदा गोठवते. आणखी काही वर्षे बेवारस राहिलेली रक्कम 2015 च्या वित्त कायद्याने स्थापन केलेल्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते, आणि तिथेही पंचवीस वर्षे कोणी मागणी केली नाही, तर ती सरकारची होते. म्हणजे तुमच्या आळसाला सरकार हा एक वारस लाभतो, आणि त्याला इतर कोणाचेही हक्कसोडपत्र लागत नाही.

पण समजा, वडिलांनी वारसनोंद केली होती. रजिस्टरमध्ये, त्यांच्याच त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात, तुमचे नव्हे, तुमच्या थोरल्या बहिणीचे नाव निघाले, जिच्याशी आईच्या पाटल्यांवरून तुमचे चार वर्षे बोलणे बंद आहे. घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली राष्ट्रीय बचत पत्रांबाबतच सांगितले आहे की नॉमिनीने पैसे घ्यायचे ते स्वतःसाठी नव्हे, सगळ्या वारसांसाठी. कायदा तुमच्या बाजूने आहे; फक्त सही अक्काची हवी. तेव्हा तिला फोन लावा. पत्राचा विषय एकदम काढू नका. आधी गुडघ्यांची चौकशी करा, मग पावसाची, मग नातवाच्या दहावीची. तीही सगळे सविस्तर सांगेल, थोडी घुटमळेल आणि म्हणेल, "बरं झालं तूच फोन केलास. आईच्या ट्रंकेत दोन कागद निघालेत रे पोस्टाचे. त्यावर तुझं नाव आहे. मी करणारच होते फोन."