कटिंगच्या टेबलावरच्या सहा रेघा

सकाळी साडेदहाला शटर वर केलं की आधी देवाला उदबत्ती, मग मशीनला तेल, मग रेडिओ. रात्री साडेआठला बंद. मधला जेवणाचा तास सोडला तर दिवसाचे नऊ तास तो बोलतो आणि मी ब्लाउज शिवते. गेली सव्वीस वर्षं हे असंच चाललंय. म्हणजे आमच्या कोल्हापुरात खाजगी एफएम यायच्या आधीपासून.

गेल्या मंगळवारी एक उद्योग केला. एक हिंदी गाणं आहे, नाव सांगत नाही, तुम्हीही ते ऐकून ऐकून विटला असाल. ते लागलं की मार्किंगच्या खडूनं टेबलाच्या कडेला एक रेघ मारायची, असं ठरवलं. पहिली रेघ अस्तर कापताना. दुसरी बाराच्या सुमारास, पैठणीच्या काठाच्या बाह्या लावत होते तेव्हा. जेवून आले तर चालूच होतं, ती तिसरी. सहाव्या रेघेला मी हुक-काज करत होते आणि कामाला येणारी मुलगी म्हणाली, "ताई, आलं बघा तुमचं." स्टेशन तेच, दिवस तोच. आणि नऊ तासांत मराठी गाणी किती, तर ती मोजायला रेघांची गरजच पडली नाही, बोटं पुरली.

माझा भाचा दोन वर्षं दुसऱ्या शहरात एका एफएम स्टेशनात कामाला होता. त्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "मावशी, अगं तू चुकीची श्रोता आहेस."

चुकीची कशी रे बाबा?

तर म्हणे, रेडिओचा श्रोता गाडीत वीस मिनिटं असतो. त्या वीस मिनिटांत त्याला ओळखीचं गाणं मिळालं पाहिजे, नाहीतर तो बटण दाबून पुढं जातो. म्हणून गाण्यांचे गट पाडतात. सगळ्यात चालणारी ती 'पॉवर'मध्ये. दर तासाचं एक 'क्लॉक' ठरलेलं असतं, कुठल्या मिनिटाला पॉवरचं, कुठं जुनं, कुठं जाहिराती, कुठं आरजेची 'लिंक', म्हणजे मधलं बोलणं. बाकीचं कॉम्प्युटर बघतो. सेलेक्टर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते 1979 पासून जगभर हेच काम करतंय. त्यानं काढलेली यादी मग माणूस तपासतो आणि हातानं ठीकठाक करतो. आरजेला सहसा गाणं बदलायची मुभा नसते. फर्माईश आली तरी ती यादीत आधीच असलेल्या गाण्याशी जुळवून घेतात! हे ऐकून मी सुई टोचून घेतली बोटाला. आजवर मी तीन-चारदा फर्माईश कळवली होती आणि 'खास तुमच्यासाठी' म्हणून ती लागली तेव्हा हुरळूनही गेले होते.

मग मी विचारलं, पॉवरमध्ये कुठलं गाणं जाणार हे कोण ठरवतं? त्यावर त्यानं सांगितलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. लोकांना फोन करून गाण्याच्या मुखड्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवायचा. ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आला का. कंटाळ्याला त्यांच्याकडं 'बर्न' म्हणतात. या परीक्षेत नवीन गाणं पास होणार कसं? ते ओळखीचंच नसतं. उद्या मी गिऱ्हाइकाला दोन बोटांची चिंधी दाखवून विचारलं, की बाई, याचा ब्लाउज तुम्हाला बसेल का, तर ती काय सांगणार? तिनं आधी नेसलेल्या साडीसारखी चिंधी असेल तर हो म्हणेल.

आणि हे सगळं कोल्हापुरात होतं असंही नाही. रेडिओचे श्रोते मोजायची पद्धत 2007 साली आली, लोकांच्या घरी डायऱ्या देऊन, तीही मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता अशा मोजक्या महानगरांत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर कुणाच्या डायरीत नव्हतं. मग इथं काय वाजवायचं? तिथं जे चाललं तेच. त्यात 2011 साली एफएमचं तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं आणि कंपन्यांना आपल्या देशभरातल्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम जोडून लावायची परवानगी मिळाली. संध्याकाळचा आरजे मुंबईत बसून बोलतो आणि आमच्या पेठेत ऐकू येतो. एका माणसाच्या पगारात पंधरा गावं. धंदा म्हणून मला कळतं ते. मी पण दिवाळीत काम वाढलं की फॉल-बिडिंग बाहेर देते. पण माप मी घेते.

कुणी म्हणेल, मराठी गाणी महाग पडत असतील. तसंही नाही. कॉपीराइट बोर्डानं 2010 साली निकाल दिला, की एफएमनं जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाचे 2 टक्के म्युझिक कंपन्यांना द्यायचे, आणि ज्याची जेवढी गाणी वाजली तेवढा त्याचा वाटा. तो हिशेब 2020 पर्यंतचा, नंतर दर बदलले ते वेगळं. पण त्या हिशेबात मराठी लावा की हिंदी, स्टेशनच्या खिशातून जायचे तेवढेच. तेव्हा ते कारण सांगू नका.

आता 'आमच्या वेळची आकाशवाणी' असा गळा काढायचा माझा विचार नाही. लहानपणी आमच्याकडं सांगली केंद्र लागायचं, 1251 किलोहर्ट्झ, सुई केसभर इकडंतिकडं झाली की खरखर. शेतीचे बाजारभाव संपेस्तोवर गाण्याची वाट बघून मी कितीदा तरी चिडलेय. आणि लोकांना काय आवडावं हे वरून ठरवायची खोड सरकारी रेडिओलाही होतीच. बा. वि. केसकर, आपला पुण्याचा माणूस, 1952 साली माहिती-नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत ऐका म्हणाले. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला त्याच साली सुरू झाली आणि अख्खा देश तिकडं गेला. आकाशवाणीला विविध भारती काढायला 1957 चा ऑक्टोबर उजाडला. लोकांना गृहीत धरलं की ते भांडत बसत नाहीत, उठून जातात.

पण त्याच सरकारी रेडिओच्या पुणे केंद्रावर 1955 सालच्या रामनवमीला, 1 एप्रिलला, गीतरामायण सुरू झालं. केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी माडगूळकरांकडं मागणी केली, माडगूळकर दर आठवड्याला एक गीत लिहीत गेले, फडक्यांनी चाली लावल्या, 56 गाणी झाली. हे फडके आमच्या कोल्हापूरचे, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. कुणाला फोन करून आठ सेकंदांचा तुकडा ऐकवला होता त्यांनी? गाणं रेडिओनं नुसतं वाजवलं नाही, मागून घेतलं, तेही एका केंद्रावर बसलेल्या एका माणसानं. मला स्टेशनाकडून एवढंच हवंय. गाणी हिंदी असोत, मराठी असोत, लावणी असो नाहीतर रॅप, माझी ना नाही, माझी कामाची मुलगी रॅपच ऐकते. पण ते निवडणारा कुणीतरी याच गावात राहत असावा. त्याला ठाऊक असावं की आज त्र्यंबोली यात्रा आहे, की आज शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल आहे आणि पेठेतली निम्मी दुकानं दुपारी बंद आहेत.

याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. एका पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या पुढं गेली होती. 39 म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळं 39 ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो. राधानगरीचे किती दरवाजे उघडले, यावर आमची रात्र ठरते. दुकानात शिवून ठेवलेले कपडे वरच्या फळीवर चढवत होते आणि रेडिओवर बाहेरगावाहून कुणीतरी आनंदानं बोलत होती, पाऊस, गरम भजी आणि लाँग ड्राइव्ह. मग पावसाची गाणी लागली. ती बाई बिचारी वाईट नव्हती. तिच्या खिडकीबाहेर तसलाच पाऊस असणार.

खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, हे मला माहीत आहे. पण त्या 2011 च्याच धोरणात वाहतूक, हवामान, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती यांची प्रशासनानं दिलेली माहिती बातमी धरलेली नाही. ती सांगायला कुणाची आडकाठी नव्हती. सांगणारं कुणी गावात नव्हतं.

छोट्या कम्युनिटी रेडिओंना, म्हणजे तिथल्याच संस्थेनं तिथल्या लोकांसाठी चालवलेल्या केंद्रांना, जमतं ते. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, 90.4 वर. अशा केंद्रांच्या प्रसारणाची ताकद साधारण शंभर वॅटची, आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढं फारसा जात नाही, आणि निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत असा नियम. इथं कोल्हापुरात मला ते लागत नाही. पैसा त्यात नाही हेही खरं. पण मोठ्या स्टेशनांना दिवसातला एक तास तरी तसा करायला काय जातं? एक तास. क्लॉक नको, पॉवर नको. शाहीर बोलवा, हलगीवाला बोलवा, कॉलेजातली बँडवाली पोरं बोलवा. पडलं तर पडलं.

भाच्याला हे बोलले. तो म्हणाला, "मावशी, तो तास विकणार कोण?" त्याला म्हटलं, आमच्या पेठेतल्या सराफाला विचारून बघ, भडंगवाल्याला विचारून बघ, शेजारच्या क्लासवाल्याला विचार. तो गप्प बसला. मग म्हणाला, त्यांना विचारायला पण माणूस लागतो ना गावात.

बरं, उठते आता. लग्नाचे सात ब्लाउज शनिवारी द्यायचेत. समोरचा चहावाला मोबाइलवर तेच स्टेशन ऐकतो, पण त्याचं अ‍ॅप हवेतल्या आवाजाच्या बरंच मागं असतं, त्यामुळं माझं गाणं संपायला आलं की त्याचं रंगात येतं. आत्ता हे लिहिताना दोन्हीकडं तेच चालू आहे. याच्या दोन रेघा धरायच्या की एक?