पक्षी आला कधी ते सगळे लिहितात, गेला कधी ते कोणीच लिहीत नाही

वादळ किनारा ओलांडतंय अशी बातमी आली की बर्डिंगच्या, म्हणजे पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर नुसती धावपळ सुरू होते, हवामानाचे नकाशे पडायला लागतात, कोण कुठल्या तलावावर जाणार याची ठरवाठरवी होते, आणि मीही त्यात असते, बरीच वर्षं आहे. जिथे रोज पाणकावळे आणि बगळेच बघायची सवय, तिथे एका सकाळी भर समुद्रातला पक्षी दिसतो तेव्हा काय होतं ते शब्दात सांगता येत नाही, हात थरथरतात, दुर्बीण स्थिर राहत नाही. त्यामुळे हे असलं बर्डिंग करू नका असं सांगायला मी ही पोस्ट लिहीत नाहीये. पण मागच्या वादळानंतर जे बघितलं ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय, आणि लांब होणारे.

आधी हे पक्षी आत येतात कसे ते सांगते. चक्रीवादळ उत्तर गोलार्धात घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे ते किनाऱ्यावर येताना त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे रेटत असतो, दक्षिण गोलार्धात हेच डाव्या अंगाला. त्या रेट्यात सापडलेले पक्षी आत ढकलले जातात. दुसरे असतात ते वादळाच्या डोळ्यात अडकलेले. मधे वारा शांत, भोवती सगळीकडून ढगांची आणि वाऱ्याची भिंत, बाहेर पडायला वाट नाही, मग ते डोळ्याबरोबरच सरकत राहतात, कधीकधी रडारवर सुद्धा त्यांचा पुंजका दिसतो. जमिनीवर येऊन वादळाचा जोर मोडला की खाली जे पाणी दिसेल त्यावर उतरतात. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये फ्रॅन हरिकेन अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात घुसलं तेव्हा आत केर लेकवर ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल दिसले होते, म्हणजे एरवी जे बघायला बोटीने खोल समुद्रात जावं लागतं ते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १९८७ च्या मोठ्या वादळाने सॅबाइन्स गल हा कुरव आतल्या तलावांवर आणून टाकला. आणि २०२३ मध्ये इडालिया हरिकेननंतरचे फ्लेमिंगो तर आठवतच असतील, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, आणि पार वर विस्कॉन्सिनला लेक मिशिगनच्या काठावर उभे!

आता यावरून समुद्रपक्षी वादळापुढे अगदीच दुबळे असं वाटेल, तर तसंही नाहीये. जपानजवळच्या स्ट्रीक्ड शीअरवॉटरना ट्रॅकर लावून केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात काही पक्षी टायफूनपासून, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळापासून, पळण्याऐवजी सरळ त्याच्या डोळ्याच्या दिशेने उडत गेलेले दिसले, कारण काय असावं तर जमिनीकडे फेकलं जाण्यापेक्षा वादळाच्या मध्याकडे जाणं त्यांच्यासाठी कमी धोक्याचं. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. ज्या पक्ष्याला वादळाच्या पोटात शिरणं परवडतं पण जमीन परवडत नाही, तो पक्षी आपल्या समोरच्या तलावाच्या दगडावर बसलाय म्हणजे तो काय अवस्थेत असेल, याचा विचार आपण कितीदा करतो?

मागच्या वादळात आला तो सूटी टर्न होता. वरून काळा, खालून पांढराशुभ्र, कपाळ पांढरं आणि चोचीपासून डोळ्यापर्यंत गेलेली काळी रेघ. हा पक्षी एकदा घरट्यातून उडाला की प्रजननाचं वय होईपर्यंत काही वर्षं समुद्रावरच काढतो, आणि पिसं फारशी जलरोधक नसल्याने पाण्यावर सुद्धा क्वचितच टेकतो, म्हणजे जवळजवळ सगळं आयुष्य हवेत. तो बांधाच्या ओल्या दगडावर बसला होता. स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून, बघितलं तर डावा पंख उजव्यापेक्षा दोन बोटं खाली लोंबलेला, चोच किंचित उघडी, आणि पाठीवरची पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा झालेल्या, मधून खालची राखाडी दिसत होती. दर थोड्या वेळाने डोळा मिटायचा. परत उघडायचा.

लोकेशन सकाळीच ग्रुपवर पडलं होतं. नऊपर्यंत तीस-पस्तीस माणसं. सुरुवातीला सगळे लांब होते, मग एक जण रेकॉर्ड शॉट, म्हणजे नोंदीपुरता फोटो, बरा आला नाही म्हणून पुढे गेला, त्याच्या मागे दुसरा, मग मोबाईलवाले, मग कोणालातरी उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून टाळी वाजवली गेली. मी वहीत रेघा मारायला लागले, दीड तासात तो पक्षी चौदा वेळा उठला. प्रत्येक वेळी चक्कर आधीपेक्षा छोटी. शेवटच्या दोन वेळा तर पाण्यापासून हातभर वर, आणि परत त्याच दगडावर. मी दोनदा ओरडले, दोन-चार लोक मागे सरकले सुद्धा, पण नवीन येणाऱ्याला काय माहीत आधी काय झालंय, त्याच्यासाठी तर ती पहिलीच वेळ ना. अकरा वाजता बरेचसे निघून गेले, लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच बघितलेला पक्षी, मिळाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी परत गेले तर तो त्याच दगडाच्या खाली पाण्याकडेला मेलेला.

लोकांमुळेच मेला असं मी म्हणत नाही, तो आधीच इतका रिकामा झाला असेल की तसाही गेला असता कदाचित. पण ते चौदा वेळचं उडणं त्याच्याकडे जी काही शिल्लक होती त्यातून गेलं, एवढं मला पक्कं माहीत आहे. आणि दुसरी गोष्ट जास्त लागली. त्या दिवशी कोणी काय बघितलं त्याच्या आठ-दहा याद्या मी नंतर बघितल्या, सगळ्यांत सूटी टर्न, सगळ्यांत फोटो, आणि तो मेला ही नोंद फक्त माझी. म्हणजे उद्या कोणी हा डेटा काढून बसलं तर त्याला वाटेल पक्षी आला आणि मजेत परत गेला.

हा शेवट लिहिणं किती मोठी गोष्ट आहे बघा. २००५ मध्ये विल्मा हरिकेनने स्थलांतरावर निघालेले चिमनी स्विफ्ट, म्हणजे पाकोळ्याच, अटलांटिकपार युरोपात नेऊन टाकल्या. तिकडच्या बर्डर्ससाठी तो आयुष्यात एकदा येणारा आठवडा होता. पण कॅनडातल्या क्विबेकमध्ये लोक दरवर्षी धुराड्यांमध्ये रात्रीला उतरणाऱ्या पाकोळ्या मोजत होते, आणि पुढच्या वर्षी तिथली संख्या साधारण निम्म्यावर आली होती. एकीकडे लाइफर आणि दुसरीकडे अर्धं धुराडं रिकामं. न कंटाळता मोजणारे होते म्हणून हे कळलं. २०१३-१४ च्या हिवाळ्यात लागोपाठच्या वादळांनी युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर ५०,००० हून जास्त समुद्रपक्षी मेले, त्यात निम्म्याहून जास्त पफिन, तेही किनाऱ्यावर फिरून मेलेले पक्षी मोजणारे लोक होते म्हणूनच माहीत झालं ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जा, पण थांबायची तयारी ठेवून जा. वादळ चालू असताना नको, तारा पडलेल्या असतात, पाणी चढलेलं असतं. आभाळ उघडायला लागलं की लगेच, कारण धडधाकट पक्षी काही तासांतच निघून जातात. पक्षी मान उंच करून तुमच्याकडे बघायला लागला की तुम्ही आधीच जास्त जवळ आलाय, मागे व्हा. पक्षी थकलेला दिसत असेल तर गर्दी पांगेपर्यंत लोकेशन टाकूच नका, नंतर टाका, नोंद कुठे पळून जात नाही. पेट्रेल किंवा शीअरवॉटर रस्त्यावर पडलेला दिसला तर त्याला हवेत भिरकावू नका आणि पाण्यातही सोडू नका, त्यांचे पाय इतके मागे असतात की जमिनीवरून उठणं त्यांना जड जातं आणि पिसं भिजलेली असली तर पाण्यात बुडेल. भोकं पाडलेलं खोकं, खाली जुना टॉवेल, अंधार, शांतता, तोंडात अन्न-पाणी काहीही घालायचं नाही आणि वन्यजीव बचाववाल्यांना फोन. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, बर्ड फ्लूचा धोका असतो, पण त्याची नोंद करा. कराच.

आणि एक सांगायचं राहिलं. त्याच्या आधीच्या एका वादळानंतर एक लेसर फ्रिगेटबर्ड आला होता, दुसऱ्या एका जलाशयावर, काठावरच्या वाळक्या झाडाच्या शेंड्यावर रात्रभर बसलेला. याला पाण्यावर उतरता येतच नाही, पिसं भिजतात, सगळा भरवसा हवेवर. सकाळी आम्ही बरेच जण होतो, आठ वाजता फोटो झाले, नऊपर्यंत तिघेच उरलो. ढग फाटून ऊन पडलं, समोरच्या काठावरची जमीन तापायला लागली, घारी वर चढायला लागल्या. त्याने पंख उघडले, पावणेदोन मीटरचे ते पंख, दोनदा मिटले, परत उघडले आणि झाडावरून नुसता पुढे झुकला. पाण्यावर खाली खाली येत गेला, मला वाटलं संपलं, आणि मग त्याच घारींच्या खालच्या हवेत शिरला, एक चक्कर, दुसरी, पंख न हलवता. स्कोपमध्ये मावेनासा होता तो हळूहळू टाचणीएवढा झाला. वहीत लिहिलंय, १० वाजून २२ मिनिटं, पश्चिमेकडे, खूप उंच, दिसेनासा.